वैष्णवीचे वाढलेले मार्क

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. खरं तर माझ्या पोटात काही टिकत नाही अशी घराण्यात ख्याती आहे. कोणाच्या साखरपुड्यात वरणात मीठ पडायचं राहिलं इथपासून सगळं मी रंगवून सांगतो. लग्नाकार्यात भाचे-पुतणे म्हणतात, काकांना सुरू करा रे. पण ही एक गोष्ट मी कधीच सुरू केली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, तुम्ही आमच्या पुंडलिकनगरात राहत नाही, एवढंच.

मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. संशय घेणं हीच नोकरी म्हणा ना. एखाद्या मशीनवरून रोज खराब माल येतोय आणि एक दिवस सगळाच चांगला आला, तर आम्ही पेढे वाटत नाही. आधी मोजायचं साधन तपासतो. कंपनीत याबद्दल पाठ थोपटतात. घरी — सांगतो.

वैष्णवी बारावीला होती. तिला पुण्याच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं, ज्याचं नाव घेताना आमच्या गल्लीत आवाज आपोआप खाली येतो. त्या वर्षी गल्लीची हवाच बदललेली. कुणाच्या पोराला किती पडले विचारलं, तर त्याची आई, "कुठं हो, पुस्तकाला हात लावत नाही," म्हणत दार हळूच पुढं लोटायची. क्लासात दर रविवारी टेस्ट आणि मार्कांवरून बॅच. वैष्णवी आणि तिची मैत्रीण निदा, दोघी तिसऱ्या बॅचला. निदा दोन गल्ल्या पलीकडची. तिच्या वडलांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. दोघी तिच्याच स्कूटीवर क्लासला जायच्या आणि दुपारी आमच्या हॉलमध्ये फिजिक्सवरून भांडायच्या.

मग वैष्णवी एकदम पहिल्या बॅचला गेली. निदा तिसरीतच राहिली.

तुम्ही काय केलं असतं? नारळ फोडला असता. मी तिची कंपासपेटी उघडली. खरंच. कॅल्क्युलेटरचं कव्हर काढून आत पाहिलं. एक चावलेलं पेन आणि वितळलेलं चॉकलेट हाती लागलं — आणि मी बायकोच्या.

"काय शोधायलात?"

"काही नाही. मार्क एकदम कसे वाढले गं हिचे?"

"अभ्यास करायलीय पोरगी. निदा रोज समजावून सांगती तिला. तुम्हाला फिजिक्समध्ये किती पडले होते, ते सांगा आधी."

ते मी सांगितलं नाही. पण खरी गोम तिथंच होती का? माझ्या घरात इतके मार्क येऊच कसे शकतात — हे माझ्या गळी उतरत नव्हतं का? असेल. काहीही असो, पोरीलाच विचारायचं होतं. मी ते केलं नाही. कंपनीच्या बसमधून उतरलो आणि स्टॉपवरूनच क्लासच्या सरांना फोन लावला. म्हणालो, "सर, वैष्णवी बघून लिहीत असावी असं वाटतंय. तेवढं तपासून घ्या. आणि माझं नाव कळू देऊ नका."

"असा फोन करणारे वडील पहिल्यांदाच पाहतोय," सर म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. घ्या!

पुढच्या रविवारी सरांनी तिला सगळ्यांसमोर उठवलं, तक्रार आलीय म्हणाले, स्वतःच्या टेबलाशेजारी बसवलं आणि वेगळा पेपर दिला. तिला आधीपेक्षा जास्तच पडले. पण पोरांना त्याचं काय? त्यांना 'कॉपीवाली' हे नाव मिळालं होतं.

ती घरी आली, ताटावर बसली, जेवली नाही. "कुणी सांगितलं असेल, पप्पा?"

इथं — इथं बोलता आलं असतं. ती समोर होती. रागावली असती, आठवडाभर बोलली नसती, संपलं असतं. मी घास गिळला आणि म्हणालो, "जे मागं राहतात ना बाळा, त्यांनाच टोचतं. कुणाचा भरवसा धरावा असे दिवस नाहीत."

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. तिच्या ओळखीत मागं राहिलेली एकच होती. आणि तिचं नाव निदा नसतं, तर ते वाक्य माझ्या तोंडून इतकं अलगद निघालं असतं का? हे मी स्वतःला विचारतो. उत्तर यायच्या आत दुसरं काही काम काढतो.

फोन केला, तो मूर्खपणा म्हणून खपेल. हे खपत नाही. हे मी पूर्ण शुद्धीत, वरणभात कालवता कालवता केलं.

दुसऱ्या दिवशी निदा आली. दार मी उघडलं. सवयीनं तिनं चप्पल काढूनसुद्धा ठेवली होती.

"अंकल, वैष्णवी फोन उचलत नाहीये. कुछ हुआ क्या? माझं काही चुकलं का?"

आत वैष्णवीच्या खोलीचा पंखा बंद झाल्याचा आवाज आला. ऐकत होती. मी म्हणालो, "झोपलीय ती. आणि बेटा, परीक्षा जवळ आली आता. दोघींनी आपापला अभ्यास केलेला बरा." काय गोड आवाज लावला होता मी!

"जी, अंकल," म्हणाली, आणि पुन्हा चप्पल घालून गेली.

वैष्णवीला पुणं मिळालं. निदा इथंच फार्मसीला आहे. रस्त्यात दिसली की स्कूटी थांबवून सलाम करते, वैष्णवीची खुशाली विचारते. मी 'मजेत' म्हणतो. वैष्णवीला ती भेटल्याचं सांगत नाही.

परवा वैष्णवीचा फोन आला. बायको भाजी निवडत होती, म्हणून स्पीकरवर टाकला. हॉस्टेलमध्ये हिच्या खोलीतली मुलगी आजारी होती, तिनं जर्नल पाहायला मागितलं होतं. आमच्या लेकीनं आपलं जर्नल कपाटात टाकून कुलूप लावलं आणि माझंच झालं नाही म्हणून सांगून मोकळी झाली.

"बरं केलं ना, पप्पा? निदामुळं एवढं तरी शिकले. जवळच्या माणसाला तर काहीच दाखवायचं नाही."

बायकोनं निवडता निवडता माझ्याकडं पाहिलं.

"बरं केलंस," मी म्हणालो.