दुपारी उन्हात काम करणे टाळावे

गेल्या वर्षी होळीच्या आधीच परभणीत चैत्र-वैशाखासारखं ऊन पडायला लागलं. पहाटेचा गारवा शिवरात्रीनंतर लगेच गेला. आमच्या कॉलनीतल्या आंब्याचा मोहोर काळा पडून गळून गेला. सकाळी दहालाच रस्ता ओस पडायचा आणि आभाळात ढगाचा एक तुकडाही दिसत नव्हता.

मी तेव्हा शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करत होते, अजूनही करते. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याचा हवामान अंदाज आमच्याकडे येतो. आमचे साहेब त्यात पिकांविषयीच्या सूचना घालतात. मग मी ते सगळं सोप्या मराठीत लिहून माझ्या आवाजात रेकॉर्ड करते आणि तो संदेश गावोगावच्या मोबाईलवर जातो. माझं नाव त्यात नसतं. माझा आवाज बऱ्याच घरांत ऐकू जातो आणि मला कोणी ओळखत नाही, याची मला मनातून गंमत वाटायची.

त्या दिवसांत संदेशात बदलायला काही नसायचंच. आकाश निरभ्र राहील, हवामान उष्ण व कोरडे राहील, कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, पावसाची शक्यता नाही. त्याखाली दोन ओळी ठरलेल्या. पक्व झालेल्या ज्वारीची काढणी त्वरित करून घ्यावी. दुपारी उन्हात काम करणे टाळावे. एखाद्या दिवशी तर मी कागदाकडे न बघताच बोलायचे.

माझं सासर बोरीचं. थोरले दीर आणि जाऊबाई तिथली शेती बघतात. उन्हामुळे सगळ्यांची ज्वारी एकदमच वाळली आणि माणसं मिळेनात. जाऊबाईंचा फोन आला, "एक दिवस ये गं. बायांचा सैपाक, चहापानी, माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई." नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी सकाळच्या एसटीने गेले.

भाकऱ्या, पिठलं, कांदे आणि पाण्याचा कॅन घेऊन आम्ही दोघी शेतात पोचलो तेव्हा बाया लिंबाच्या सावलीत जेवायला बसत होत्या. सहा-सात जणी होत्या. त्यात सगळ्यांत वयस्कर होती तिला सगळ्या मावशी म्हणत. तिचा चेहरा तांबडा झाला होता, पण बोलायला ती सगळ्यांत पुढे. मला कोणी ओळखत नव्हतं. धाकट्याची बायको, परभणीला असते, एवढंच जाऊबाईंनी सांगितलं.

एका तरण्या बाईने गाणी लावायला मोबाईल काढला आणि चुकून संदेश लागून त्यातून माझा आवाज आला.

"शेतकरी बंधू आणि भगिनींनो, नमस्कार."

मी कांदा चिरत होते. हात तिथेच थांबला.

ती बंद करायला गेली तर दुसरी म्हणाली, "राहू दे, बाई काय म्हंती ते ऐकू दे." सगळ्या ऐकायला लागल्या. दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात काम करणे टाळावे, असं मी म्हणाले तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं. बाहेर जाताना छत्री किंवा टोपी वापरावी, असं म्हणाले तेव्हा एकीने ताटली डोक्यावर धरली, दुसऱ्या हातात विळा घेतला आणि अगदी माझ्यासारखं शेवटच्या अक्षरावर थांबत म्हणाली, "एका हातात छत्री घ्यावी. दुसऱ्या हातानं ज्वारी कापावी." तिची नक्कल हुबेहूब होती. मी अशी बोलते, हे मला कधी ठाऊकच नव्हतं.

"पंख्याखाली बसून बोलायला काय जातंय," कोणीतरी म्हणालं.

"आसं नको म्हनू," मावशी म्हणाली. "तिचं काम हाय ते. तिला बी कुनी लिहून देत आसल, ती वाचत आसल."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा अभिमान होता, त्या आता सांगणार हे मला कळलं. मी खालून त्यांचा पदर ओढला. त्यांनी भाकऱ्या वाढायला घेतल्या. मी पुन्हा कांदा चिरायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कांदा हाताशी होता हे बरं झालं.

जेवणं उरकतायत तोवर दीर मोटारसायकलवरून आले. मळणीयंत्र परवा येणार, त्याच्या आत रान मोकळं व्हायला पाहिजे, असं सांगून निघाले. मी त्यांच्यामागे बांधापर्यंत गेले. दिरांशी मी एरवी फार बोलत नाही.

"भाऊजी, ऊन लय आहे. थोडं उतरल्यावर काम लावलं तर?"

त्यांनी गाडी बंद केली. "आता तुमीच सांगितलं न्हाई का, ज्वारी त्वरित काढून घ्यावी म्हनून? मी तर तुमचं ऐकूनच मशीन ठरवली." आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझ्या शब्दावर चालल्याचं समाधान होतं. "आन बायांनी गुत्त्यानं, एकरावर पैसे ठरवून काम घेतलंय. मी थांबा म्हनलं तरी थांबायच्या न्हाईत."

दोन्ही वाक्यं माझीच होती. एकाखाली एक लिहिली होती आणि ती एकाच माणसाला एकाच दुपारी लागू होतात, हे मला लिहिताना दिसलं नव्हतं.

सावलीत बसून राहायची लाज वाटली म्हणून मी एक विळा घेतला आणि मावशीच्या शेजारच्या ओळीत उभी राहिले. "राहू द्या बाई, हात कापल," ती म्हणाली. खालून जमीन भाजत होती, वाळलेली पानं दंडाला करवतीसारखी लागत होती. थोड्याच वेळात माझी ओळ मागे पडली. पुढे मावशी कापत होती. मग ती कापायची थांबली. बराच वेळ हातातल्या ज्वारीच्या ताटांकडे बघत राहिली आणि खाली बसली.

मी जवळ गेले. तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता. "मावशी, काय होतंय?" विचारलं तर तिने जे सांगितलं त्यातला एकही शब्द कळला नाही.

उष्माघाताचा सल्ला मी इतक्या वेळा रेकॉर्ड केला होता की तो आपोआप तोंडातून बाहेर पडला. "सावलीत न्या. कपडे सैल करा. मानेवर आणि काखेत ओलं कापड ठेवा. वारा घाला. नीट शुद्धीत येत नाही तोवर तोंडात पाणी घालू नका." मी मोठ्याने, एकेक वाक्य सुटं करून सांगत होते. बायांनी तिला उचललं. नक्कल करणारी लुगड्याचा पदर भिजवत होती, ती मध्येच थांबून माझ्याकडे बघायला लागली.

"ह्योच आवाज हाय," ती हळूच म्हणाली.

जाऊबाईंनी दिरांना फोन केला, ते गावातून ऑटो घेऊन आले, आणि आम्ही मावशीला दवाखान्यात नेलं.

सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, घाबरायचं कारण नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मावशीसोबत आलेल्या दोघी जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातली एक ती नक्कल करणारीच. ती माझ्यापुढे आली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, आमाला ठाव नव्हतं. आमी तुमाला हसलो. राग मानू नका."

त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती तेव्हा. त्या हसल्या त्याहून जास्त. "अहो, राग कसला," एवढंच मला म्हणता आलं. माफी कोणी कोणाची मागायची ते तिला सांगायला हवं होतं, पण दिरांच्या समोर, डॉक्टरांच्या समोर ते शब्द बाहेर येईनात. ती मात्र मोकळी झाली आणि मावशीच्या पायाशी जाऊन बसली.

दिवस मावळायच्या सुमारास मावशीला घरी सोडलं. मीही गेले. तिच्या सुनेने अंगणात खाट टाकली होती. मावशी आता नीट बोलत होती. सुनेने तिला माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा तिने मला आपादमस्तक बघितलं.

"म्हंजी घरातलीच हाय की," ती म्हणाली. मग विचारलं, "मंग सांगा, हे ऊन कवा कमी व्हायचं?"

"आठवडाभर तरी नाही, मावशी. वाढेल थोडं."

"आन पानी?"

"पाऊसही नाही. लांबपर्यंत काही दिसत नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग ज्वारीची येवढी घाई कशाला लागलीय मालकाला?"

तिने सहज विचारलं. मी मात्र मनात माझाच संदेश पुन्हा वाचला. पाऊस येणार नसेल तर उभी ज्वारी चार दिवस थांबली असती, हे माझ्याच अंदाजात होतं. तो 'त्वरित' शब्द दरवर्षीच्या मजकुरातून आला होता. मागे कधीतरी अवकाळीच्या भीतीने कोणीतरी घातला असेल. मी तो न वाचता पुढे ढकलत आले होते.

घरी आल्यावर मी दिरांना ते सांगितलं. जाऊबाई ताटं वाढत होत्या. दिरांनी हात धुतले. मग म्हणाले, "आदी सांगितलं आसतं तर बरं झालं आसतं." आणि जेवायला बसले. सकाळी मी उठले तेव्हा ते बायांच्या गल्लीत जाऊन आले होते. अंधार फिटताच कामाला यायचं, ऊन चढलं की थांबायचं, राहिलेलं संध्याकाळी. मशीनवाल्याला त्यांनी पुढची तारीख दिली. तो कुरकुरला, पण आला. ज्वारीचं काही बिघडलं नाही. मावशीच्या जागी तिची सून कामाला आली.

पुढच्या संदेशात मी ती ओळ बदलली. पावसाची शक्यता नसल्याने काढणीची घाई करू नये, काढणी सकाळी व सायंकाळीच करावी. साहेबांनी वाचून मान हलवली. "चांगलं केलंत," म्हणाले. "कसं सुचलं?" मी म्हणाले, असंच. त्यांना बोरीची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

जाऊबाई फोनवर सांगतात, मावशी आता गावभर सांगत फिरते की मोबाईलवरच्या बाईनं शेतात येऊन माझा जीव वाचवला. त्या ते मोठ्या कौतुकाने सांगतात. मी त्यांच्या मुलांच्या परीक्षेचं काहीतरी विचारून विषय बदलते.