हिरव्या झिलईची ताटं

तळ्याकाठच्या त्या गावात परक्या साहेबांनी बांधलेला एक चौक होता. दगडी कमानी, लांबलचक व्हरांडे, मधोमध कोरडं कारंजं. साहेब केव्हाच गेले. त्यांच्या कचेऱ्यांची हॉटेलं झाली आणि कमानींखाली दुकानं लागली. सुट्ट्यांत पाहुणे मोटारी भरभरून यायचे, तळ्यात नावेतून फिरायचे आणि जाताना कुंभारगल्लीतली हिरवी ताटं घेऊन जायचे. त्या चकचकीत हिरव्या रंगात जिचा हात कोणी धरू शकत नव्हतं, तिला सगळे झिलईवालीच म्हणायचे.

शिशाची पूड, बारीक वाळू आणि तांब्याचा कीस पाण्यात कालवून ती झिलई करायची. त्यासाठी वेगळी खोली कुठून आणणार? स्वयंपाकघरात, चुलीशेजारीच तिचं बस्तान. सासूने शिकवलं तसंच चाललं होतं.

तिची धाकटी, ठकी, सात वर्षांची झाली तरी तिचे शब्द तोंडात अडायचे. सारखं पोट दुखायचं. "काही मुलं उशिरा बोलतात," सासू म्हणायची. शाळेतल्या बाईंनी मात्र तिला दोनदा पहिलीतच बसवलं.

त्या वर्षी शाळेत दवाखान्याची गाडी आली आणि मुलांचं रक्त घेऊन गेली. आठवड्याभराने नर्सबाई स्वतः घरी आल्या.

"ठकीच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे."

"शिसं? ती कुठून खाईल शिसं?"

नर्सबाईंची नजर चुलीजवळच्या पातेल्याकडे गेली. "ताई, झिलई कशात कालवता?"

झिलईवालीनेही पातेल्याकडे पाहिलं. त्याच पातेल्यात रोजचं जेवण शिजायचं. आणि ठकी रांगायची तेव्हापासून तिच्याजवळ बसून हिरवी बोटं चाटायची. तिला हसू यायचं त्याचं.

"औषधाने बरी होईल ना?"

"पुढचं थांबेल," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "झालंय ते भरून नाही येत."

त्या गेल्यावर तिने घरातली ताटं, वाडगे, पातेलं, सगळं अंगणात नेऊन आपटलं. आवाज ऐकून नवरा धावत आला.

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्या आईने, आजीने हेच केलं. कोण मेलं त्याने?"

"मेलं नाही कोणी. पण आपल्या गल्लीत ठकीसारखी मुलं किती आहेत, मोज बरं."

त्याने बोटं उघडली. चौथ्या बोटावर थांबला, आणि बाहेर निघून गेला.

तयार माल चौकातल्या दुकानात होताच. पुढच्या सुट्टीत एक पाहुणीबाई ताट उचलून म्हणाल्या, "यात जेवायला चालतं ना?" वीस वर्षं ती या प्रश्नाला "खुशाल जेवा" म्हणत आली होती. त्या दिवशी तिच्या तोंडून निघालं, "नाही. भिंतीला लावा. यात जेवू नका."

चटका बसावा तसं बाईंनी ताट खाली ठेवलं. दुपारपर्यंत चौकभर बोभाटा झाला. थोरले दीर तरातरा घरी आले.

"तुझ्या एका तोंडापायी गल्लीतल्या वीस चुली विझतील!"

"खोटं काय बोलले, भावजी?"

"खरं असलं तर घरात बोलायचंस. गिऱ्हाइकासमोर कशाला?"

त्यानंतर सामाईक भट्टीत तिच्या भांड्यांना जागा मिळेना. पाणवठ्यावर बायका तिला पाहून पाठ फिरवू लागल्या. सासू मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. नवरा थोरल्या भावाच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे तो झिलईच कालवतो. ती मागच्या अंगणात एक लहानशी भट्टी रचून बिनरंगाच्या कुंड्या भाजते. रोपवाटिकेवाला पडेल त्या भावात उचलतो. गल्लीतली एकच बाई, कडेवर मूल घेऊन, मागच्या दाराने आली होती. "रक्त कुठे तपासतात गं?" एवढंच विचारलं, आणि पदर डोक्यावर ओढून लगबगीने गेली.

ठकी आता चौदाची आहे. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. संध्याकाळी बाप दिसला की ती हात पसरून धावते, आणि आई तिला दंडाला धरून मागे ओढते. नवरा उंबऱ्याबाहेर उभा राहतो. झिलईवाली तांब्याने त्याच्या हातांवर पाणी घालत राहते, हिरवं पाणी स्वच्छ होईपर्यंत. तोवर ठकी रडत असते.