मागचा ब्रेक लागल्यासारखा वाटतो

सायकल विकली की एकदाची घराबाहेर जाते. किस्सा मात्र जात नाही. तो तसाच अंगणात पडून राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतो, आणि पाहुणे आले की कोणीतरी धूळ झटकून त्याला उभा करतं. आमच्या घरी चहा उकळेपर्यंत दोन किस्से तर सहज होतात. दूध नासलं तर तीन!

छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं आणि गावाला एकदम मोटरसायकली सुचल्या. जुन्या सायकली गेल्या जिन्याखाली. माझ्या नवऱ्याचं, विलासचं, पुरानी बस्तीत सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चरवालेसुद्धा यायचे बंद झाले. तेव्हा विलासच्या डोक्यात आलं, की इंटरनेटवर लिलावाची साइट असते, तिथे लोक वाट्टेल ते विकतात. आपण सायकली विकू, अन् त्यांचे पार्टही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले, "इथं फुकट देतो म्हटलं तरी कोणी घेत नाही, अन् तिथं बोली लावतील?"

"इथले लोक सायकल पाहतात बाबा. तिथले फोटो पाहतील!"

झालं, कंपनी सुरू. बीरगांवचा गुड्डू गल्लीगल्लीतून जुन्या सायकली उचलून आणणार, विलास त्या उभ्या करणार, मी टायपिंग करणार. आणि रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले बाबा, कोणी न सांगता, सगळ्यांवर लक्ष ठेवणार.

* * *

पहिला फोटो विलासने अंगणात काढला. सायकल भिंतीला टेकवलेली, मागे खाटेवर सासूबाईंनी कुरडया वाळत घातलेल्या.

दोन दिवसांत चौकश्याच चौकश्या! विलास आनंदाने नाचायचाच बाकी. मी एकेक वाचायला लागले. नागपूरचा एक, अमरावतीचा एक, पुण्याच्या एक बाई. सगळ्यांचा प्रश्न एकच. "मागे दिसतात त्या कुरडया गव्हाच्या का?"

सायकलीवर एकही बोली आली नाही. पुण्याच्या बाईंनी मात्र सायकलीबद्दलही विचारलं होतं. "ती थोडी बाजूला घेऊन फोटो पाठवता का?"

* * *

मग सायकलीची माहिती लिहायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. ते बोलणार, मी टाइप करणार. आयुष्यभर गाडीला हिरवा झेंडा दाखवण्याआधी सगळं बघणारा माणूस. त्यांनी अंगणात सायकल चालवून पाहिली आणि सांगितलं, "लिही. पुढचा ब्रेक लागतो. मागचा ब्रेक लागल्यासारखा वाटतो. उतारावर नेऊ नये."

विलासने कपाळावर हात मारला. "बाबा, आपून सायकल विकून राहिलो की कोर्टात साक्ष देऊन राहिलो?"

पण तुम्हाला सांगते, त्याच सायकलीवर बोलीवर बोली! घेणाऱ्याने खाली लिहिलं, "इतका खरं बोलणारा दुकानदार पहिल्यांदा पाहिला."

विलासला वाटलं, युक्ती सापडली. दुसऱ्या दिवशी एका चकचकीत सायकलीखाली त्याने माझ्याकडून लिहून घेतलं, "थोडा गंज आहे."

बाबा चष्मा लावून तासभर ती सायकल उलटीसुलटी करत बसले. मग दुकानात जाऊन कडाडले, "गंज कुठाय? आधी गंज आण, मग लिही!"

* * *

कधीकधी आम्ही तिथूनच पार्टही घ्यायचो. एकदा एक पितळी दिवा लिलावात आला, जुन्या विलायती सायकलीचा. घरचं इंटरनेट नेमकं बंद. विलास धावत गोल बाजारातल्या सायबर कॅफेत गेला आणि प्लायवूडच्या खोपटात बसून बोली लावायला लागला.

तो वाढवायचा, की समोरचा वाढवायचा. तो वाढवायचा, की समोरचा वाढवायचा. विलासला घाम फुटला. "कोण आहे हा हरामखोर!" तो जोरात ओरडला.

त्याच वेळी बाजूच्या खोपटातून छत्तीसगढीत आवाज आला, "देख तो, फेर बढ़ा दिस!"

आवाज ओळखीचा. विलास खुर्चीवर चढला आणि प्लायवूडवरून डोकावला. खाली गुड्डू!

"तू काहून बोली लावून राहिला बे?"

"दुकान के लिए ही तो लगा रहा हूँ भैया! कोई गधा बीच में घुसा है!"

"तो गधा मी हाय!"

मग दोघांचं जे जुंपलं, ते कॅफेवाल्याने बाहेर काढेपर्यंत. तोवर लिलाव संपला. दिवा भिलाईच्या एका शांत माणसाने नेला.

* * *

त्या दिवसांत भोपाळहून बदली होऊन आलेले साहेब लोक रायपुरात भरले होते. आम्ही एक लेडीज सायकल लावली होती, खाली घरचा फोन नंबर. अशाच एका साहेबांचा फोन आला. उचलला सासूबाईंनी.

"लेडीज़ है क्या?"

"हाँ, बोलो."

"कितनी पुरानी है?"

सासूबाईंनी एकदा रिसीव्हरकडे पाहिलं. "आपको क्या करना है?"

"नहीं, मतलब, कंडीशन कैसी है?"

"घुटने गए. बाकी सब ठीक है."

साहेब म्हणाले, "कोई बात नहीं, घर में ही चलाना है. कल आकर देख लूँ?"

सासूबाईंनी फोन आपटला. "अरे विलास! उद्या कोणतरी मले पाहाले येऊन राहिला!"

पेपरमागून बाबांचा आवाज आला, "येऊ दे. पोहे कर."

* * *

गुड्डूने एकदा पॅडलच्या दोन जोड्या पॅक केल्या. इंदूरच्या माणसाला दोन्ही डावी गेली, नाशिकच्या माणसाला दोन्ही उजवी. डावं पॅडल उजवीकडे बसत नाही. दोघांचे फोन आले, दोघेही पेटलेले.

गुड्डू म्हणाला, "भाभी, टेंशन मत लो." त्याने इंदूरवाल्याला नाशिकचा नंबर दिला, नाशिकवाल्याला इंदूरचा. "आपस में बदल लो साहब!"

त्यांनी खरंच बदलली. पुढे दोघांची एवढी पक्की दोस्ती झाली, की विचारू नका. आता दोघं मिळून पार्ट घेतात. दुसऱ्या दुकानातून!

* * *

आणि शीलाताईची सायकल.

शीलाताई बीरगांवची. मूळ गोंदियाकडची, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. गुड्डू तिच्या घरून एक काळी जेंट्स सायकल घेऊन आला, सोबत तीही आली. बाबांनी नेहमीसारखी चौकशी केली.

"सायकल कोणाची?"

"माझ्या नवऱ्याची."

"ते कुठं असतात?"

"गेला."

बाबांनी मान खाली घातली. "फार वाईट झालं."

"काही वाईट नाही झालं," शीलाताई म्हणाली. "तुम्ही सायकल पाहा."

सायकल लिलावात लावली. दुसऱ्याच दिवशी सुरतेहून एकाचा प्रश्न आला. नाव नाही, नुसताच प्रश्न. "दांडीवर लहान मुलाची सीट होती, ती आहे का?"

आम्ही सगळे सायकलीभोवती जमलो. सीट नव्हती. पण विलासने दांडीवर बोट फिरवलं, तर खरंच, सीट आवळल्याच्या खुणा. फोटोत त्या दिसत नव्हत्या.

विलास बीरगांवला जाऊन शीलाताईला विचारून आला. तिने विचारलं म्हणे, "कोठून विचारते?"

"सुरतेहून."

"त्याले लिहा, त्या सीटवर बसणारी पोट्टी आता बारावीत हाय."

"असंच लिहू?" मी विलासला विचारलं.

"असंच लिही."

मी लिहिलं. सुरतेहून उत्तर आलं नाही, बोली आली. मग कोणी शंभराने वाढवली की सुरत पाचशेने वाढवायची. गुड्डूने इतकी बोली नव्या सायकलीवरही पाहिली नव्हती. लिलाव सुरतेने जिंकला, पैसेही लगेच आले. सायकल कुठे पाठवायची म्हणून आम्ही पत्ता मागितला.

पत्ता वाचून गुड्डू माझ्याकडे बघायला लागला. "भाभी, इसने गलत पता डाला है. ये तो वही घर है, जहाँ से मैं उठा के लाया था!"

"गलत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी फडकं घेतलं आणि त्या दिवशी सायकल स्वतः पुसली. दोन्ही चाकांत हवा भरली. मागचा ब्रेकही आवळला.

विलास आणि मी सायकल घेऊन बीरगांवला गेलो. शीलाताईने दार उघडलं. आधी आमच्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे. विलासने सांगितलं, "सुरतवाल्याने हाच पत्ता देला ताई."

ती बाहेर आली. सायकलीभोवती एक चक्कर मारली. दांडीवर, त्या खुणांवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता रडते. मी पुढे होणार, इतक्यात आतून पोरीचा आवाज आला, "मम्मी, कौन है?"

"कोणी नाही. सायकलवाले."

मग तिने हँडल धरून सायकल वळवली आणि विलासच्या हातात दिली.

"पुन्हा लावा लिलावात," ती म्हणाली. "अन् या खेपेले बोली जरा वरून सुरू करा!"