ताईंचं गंगावन

"मागून पाहून सांग बरं."

ताईंची ऑफिसमधली सकाळ या वाक्याने सुरू व्हायची. मी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच त्या पाठ फिरवून, पदर बाजूला सारून, मान जरा खाली घालून उभ्या. ताईंचा चेहरा आठवायला मला आजही क्षणभर लागतो. मागून मात्र त्या चटकन डोळ्यांसमोर येतात. सुपारीएवढा अंबाडा, त्यावर काळी जाळी, आणि जाळीच्या वर विरळ केसांतून दिसणारी टाळू.

"टाळू दिसून राहिली का?"

"नाही हो, ताई."

"खोटं नको बोलू व पोट्टे."

मग विचारता कशाला, असं मी रोज मनात म्हणत असे आणि फाइल उघडत असे.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षंच झाली होती. ऑफिसात पार्टिशनचं प्लायवूड अजून वास मारत होतं आणि कुठला विभाग कुठल्या मजल्यावर आहे, हे शिपायालाही विचारूनच कळायचं. मी नागपूरहून नोकरीला आलेली, समता कॉलोनीत खोली घेऊन राहणारी एकटी मुलगी. सेक्शनमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ताई वर्धेकडच्या, पण लग्न होऊन रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आलेल्या, त्याला पंचवीसेक वर्षं झालेली. बाकीचे त्यांना दीदी म्हणत, मी ताई म्हणत असे. माझ्याकडे स्कूटी होती. माझे रविवार वाया जायला तेवढं कारण पुरलं.

ताईंच्या घरी बैठकीत त्यांच्या लग्नाचा फोटो होता. त्यात नवरी जरा तिरपी उभी आहे, कारण फोटोग्राफरला शेपटाही घ्यायचा होता. कमरेच्या खालपर्यंत, मनगटाएवढा जाड शेपटा. पुढे टायफॉइड झाला आणि तापाबरोबर केसही उतरले. ताई मात्र दोष टायफॉइडला देत नसत, रायपूरच्या पाण्याला देत. तेच पाणी त्या लग्नापासून पीत होत्या, हे मी एकदा दाखवून दिलं. "तेव्हा ते राजधानीचं पाणी नव्हतं," त्या म्हणाल्या.

आणि मग ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी शहाणी होती. तिला मराठी सगळं समजायचं आणि उत्तर ती हिंदीत द्यायची. "मम्मी, शादी में सब मुझे देखेंगे, आपके बाल कौन देखेगा?" ताईंना कोणी बघण्याची काळजीच नव्हती. काळजी होती ती न बघणाऱ्या एका माणसाची.

ताईंची आई. काचबिंदूने तिची दृष्टी पार गेलेली. लेकी भेटायला गेल्या की म्हातारी डोक्यावर हात ठेवायची, तो वेणीवरून हळूहळू खाली शेवटाच्या गोंड्यापर्यंत न्यायची आणि मग म्हणायची, "आली का माय." तिन्ही लेकींत हा सर्वांत लांबचा प्रवास ताईंच्या वेणीवरचा. टायफॉइडची गोष्ट ताईंनी आईला कळूच दिली नव्हती. "थोडा ताप हाये," एवढंच. आणि केस गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ताई माहेरी गेल्या नव्हत्या. फोनवर आई विचारायची, कधी येतं? ताई म्हणायच्या, सुट्टी नाही भेटून राहिली. सुट्ट्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. ताईंच्या इतक्या रजा शिल्लक होत्या की आमचे साहेबसुद्धा त्या रजांवर डोळा ठेवून होते.

"सांगून टाका ना आईला," मी म्हटलं. "केसच गेलेत, पाय नाही गेला."

"तुले नाही समजत. तिले आता डोळे नाहीत. हातात जे येते तेच तिच्यासाठी हाये."

आता लग्नाला आई रायपूरला येणार होती. तिच्या हाताला शेपटा लागला पाहिजे, एवढंच ताईंना हवं होतं. सिंथेटिक की खऱ्या केसांचा, एवढंच ठरायचं होतं. तुम्ही म्हणाल, यात ठरवायला किती वेळ लागतो? तुम्ही ताईंना घेऊन बाजारात गेला नाहीत म्हणून.

गोल बाजारात बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांत सिंथेटिक गंगावनं दोरीला टांगलेली असत. ताईंच्या पर्समध्ये काडेपेटी असायची. "भैया, एक बाल निकालो," म्हणायचं, तो चिमटीत धरायचा आणि काडी ओढायची. केस वितळून टोकाला काळा मणी व्हायचा, प्लॅस्टिकचा वास सुटायचा, आणि दुकानदार, "दीदी, दुकान जलाओगी क्या!" म्हणत धावायचा.

"पाह्य. मले होमासमोर बसा लागते कन्यादानाले. तिथं हे वितळलं तं?"

"ताई, होमात डोकं घालणार आहात का?"

"ठिणगी सांगून येते का व?"

मग डोळ्यांची परीक्षा. म्हणजे डोळे मिटायचे आणि हाताने ओळखायचं. त्या स्वतः मिटायच्याच, मलाही मिटायला लावायच्या. भर गोल बाजारात, सायकलरिक्षांच्या घंट्यांत, आम्ही दोघी सरकारी नोकर डोळे मिटून एकेका शेपटावरून हात फिरवत उभ्या. एकदा मी डोळे उघडले तर समोर आमचे साहेब सपत्नीक उभे. सोमवारी त्यांनी काही विचारलं नाही, पण फाइल परत देताना माझ्याकडे जरा जपून पाहिलं.

"थंडं लागते," हा ताईंचा निर्णय. "सुळसुळ करते. आई म्हणन, साप धरला."

झालं. सिंथेटिक बाद. मी सुटकेचा श्वास टाकला. तो फार लवकर टाकला.

समता कॉलोनीत माझ्या खोलीच्या मागच्याच गल्लीत एक नवं पार्लर निघालं होतं. तिथे खऱ्या केसांची एक्स्टेन्शन्स मिळत. पार्लरच्या मुलीने मखमलीच्या डब्यातून एक काढून दाखवलं. ताईंनी डोळे मिटले, हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, आता घेतलंच. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"किसका है?"

"मैडम, ह्यूमन का."

"वो तो ठीक है. पर किसका?"

त्या मुलीला बिचारीला काय माहीत? ती म्हणाली, मंदिरात लोक केस देतात, तिथून येतात. ताईंनी हात मागे घेतला. बाहेर येऊन त्या स्कूटीवर बसल्या. मग माझ्या खांद्यामागून आवाज आला, "कोणाचा तरी नवस हाये तो. देवाले वाहिलेलं मी डोक्यात घालून देवासमोरच बसू?"

म्हणजे एक होमासमोर चालत नाही आणि दुसरं देवासमोर. आम्ही पुन्हा गोल बाजार. पुन्हा काडेपेटी. पुन्हा समता कॉलोनी. पत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या, ताईंचं ठरेना. माझं डोकं इतकं तापायचं की माझेच केस गळतील असं वाटायचं.

एके दिवशी त्या ऑफिसात आल्या त्या हसतच. पाठसुद्धा फिरवली नाही. "सुचलं! माह्यंच मले घालतो!"

टायफॉइडच्या वेळी फणीत येणारा गुंतवळ त्यांनी फेकला नव्हता. धुऊन, वाळवून बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवला होता. आपल्याकडे जुन्या बायका असाच गुंतवळ साठवून गंगावन करत. पुरानी बस्तीत एक म्हातारी अजून ते काम करते, असा शोधही त्यांनी लावला होता. स्वतःचेच केस! ना वितळायची भीती, ना नवसाची. खरं सांगते, मला त्या क्षणी ताईंचा अभिमान वाटला. संध्याकाळी मी स्वतःहून त्यांना घरी घेऊन गेले.

डबा जागेवर होता. त्यात खोबऱ्याच्या वाट्या होत्या.

ताईंचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, दुपारी घरी एकटेच असायचे. मी त्यांना काका म्हणत असे. अतिशय सज्जन माणूस.

"गुंतवळ? ते भांडेवाली आली होती ना मागे, केसांवर भांडे देते ते. तिले देऊन टाकला," काका म्हणाले, आणि आतून एक स्टीलची चाळणी घेऊन आले. "पाह्य, कशी मजबूत हाये. तूच तं वापरून राहिली महिनाभरापासून."

ताई त्या चाळणीकडे बघत राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या केसानं पीठ चाळून राहिलो म्या." मग आम्ही तिघंही हसलो. काकांना कशाला हसतोय ते कळलं नव्हतं. हसता हसता ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मला काकांचा, भांडेवालीचा आणि सगळ्या गावाचा राग आला.

शेवटी पार्लरमधलंच घेतलं. ताईंनी ते देव्हाऱ्यातल्या गंगाजलाने धुतलं, ज्या बाईचे केस असतील तिची हात जोडून माफी मागितली, आणि एवढं झाल्यावर मला विचारलं, "सिंथेटिकच बरं होतं का व?" मी किल्ली उचलून बाहेर पडले. थांबले असते तर माझ्या तोंडून काय निघालं असतं, सांगता येत नाही.

आई आली. भावाने तिला धरून ओसरीवर आणलं. ताई समोर जाऊन वाकल्या. म्हातारीचा हात डोक्यावर टेकला, मग वेणीवरून खाली, खाली, शेवटाच्या गोंड्यापर्यंत. आम्ही सगळे श्वास धरून.

"आली का माय," म्हातारी म्हणाली.

ताईंनी वाकल्या वाकल्याच माझ्याकडे पाहिलं. मोठी परीक्षा पास झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

पण दुसऱ्या सकाळी म्हातारीने तेलाची वाटी मागवली. "ये व, बस. डोक्याले तेल लावून देतो." ताई म्हणाल्या, "आई, मेहंदीवाली आली." दुपारी हाक आली, तेव्हा रुखवत मांडायचं होतं. संध्याकाळी पाहुणे होते. वेणी क्लिपांवर होती. तेल लावायला बोटं मुळाशी गेली की संपलंच. त्यामुळे लग्नाचे सगळे दिवस ताई आईपासून हातभर लांब. ज्या हातासाठी एवढी यातायात केली, त्याच हातापासून पळायचं! मला भांडी आपटावीशी वाटत होती. तेलाची वाटी ओसरीवर तशीच असायची. म्हातारी तिच्यावर ताटली झाकून ठेवायची.

लग्न पार पडलं. होमातून ठिणगी उडाली नाही आणि देवही कोपला नाही. निघायच्या दिवशी भाऊ रिक्षा आणायला गेला, ताई आत डबा भरत होत्या. मी म्हातारीपाशी बसले होते.

"तू ते गाडीवाली पोट्टी होय ना?" म्हातारी म्हणाली. "तिचे केस गेले ना व?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"हाताले तं बराबर लागले. चांगलं घेतलं तिनं. पण मी तेलाची वाटी घेतली का ते लहानपणी खेळ टाकून येऊन बसे. आता एवढ्या हाका मारल्या, एक डाव बसली नाही." जरा थांबून म्हणाली, "दोन वर्सं आली नाही. मले वाटे, माह्यावर रागावली. काय बोललो म्या तिले, हेच आठवून पाहो. केसासाठी होय?"

"हो, आजी."

"मंग बरं. तिले म्हणजो, डोकं घेऊन ये. केस नसले तं नसले, तेल तं डोक्यालेच लागते."

आजींना सोडून स्टेशनवरून परतताना मी ताईंना सगळं सांगितलं. मागून प्रश्न आला, "पण हाताले तं पटलं ना? वासानं समजलं असन का? सिंथेटिक घेतलं असतं तं..."

मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरले. "ताई, दोन वर्षं ती बाई आपलं काय चुकलं ते शोधत बसली होती! सिंथेटिक घेतलं असतं तरी शोधतच बसली असती!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघू देत. गोल बाजारात काय कमी बघितलं होतं?

ताईंचा हात वेणीकडे गेला आणि तिथेच राहिला. "माह्यावर रागावली, असं वाटे तिले?" त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "अर्ज लिहून देशील का व माह्या सुट्टीचा?"

त्या आठवड्यातच मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. गाडी लागली तेव्हा त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. बाहेरूनच कळलं, गंगावन होतं. "तुह्यापाशी ठेव. सोबत असलं तं मी उतरता उतरता लावून टाकीन. मले माहीत हाये ना माह्यं."

ती रजा वाढत गेली. भाऊ दिवसभर कामावर, आईचं करायला घरी दुसरं कोणी नव्हतं, मग ताईंनी नोकरीच सोडली, काकाही चाळणीसकट तिकडे गेले. कागदपत्रांवर सह्या करायला त्या एकदा आल्या, तेव्हा नेमकी मी दौऱ्यावर. त्या दिवशी स्टेशनवर पाहिल्या तेवढ्याच.

डब्याकडे जाताना त्या पाठमोऱ्या झाल्या. तोच सुपारीएवढा अंबाडा. जाळी नव्हती. उन्हात टाळू स्वच्छ दिसत होती. मी वाट पाहिली, आता विचारतील. विचारलं नाही. तशाच चालत राहिल्या, घाईघाईने, खेळ टाकून निघाल्यासारख्या.

मग मीच ओरडले, "ताई, मागून छान दिसून राहिल्या!"

"खोटं नको बोलू व पोट्टे," त्या मागे न वळताच म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.