गणिताची मॅडम कोठं हाय

जूनच्या शेवटी शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि नवं वेळापत्रक समोर सरकवलं. दहावीच्या गणितापुढे माझं नाव होतं. मी म्हटलं, "सर, इथं काहीतरी चुकलंय."

"चुकलं नाही मॅडम. गणिताचे सर रिटायर झाले, त्यांची जागा भरली नाही. विज्ञानाच्या मॅडमकडे आधीच जास्त तास आहेत. तुमचे कमी आहेत."

"पण मी चित्रकलेची शिक्षिका आहे."

"तुमच्या हातात कंपास असतेच की. भूमिती तं जमूनच जाईन. बीजगणित पाहून घ्या थोडं थोडं."

ते गंमत करत नव्हते. बिचाऱ्यांनी सुट्टीभर शिक्षण खात्याकडे चकरा मारल्या होत्या, हेही मला ठाऊक होतं. त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी, असं होऊन मी वेळापत्रक घेऊन बाहेर आले.

शहराबाहेरच्या वाडी भागातली आमची शाळा अमरावती रोडपासून आत, गोदामांच्या रांगेमागे आहे. ट्रक मागे घेतानाचा भोंगा वर्गात ऐकू येतो आणि तो थांबेपर्यंत बोलणं थांबवायची आम्हा सगळ्यांना सवय झाली आहे. पोरांचे आईवडील गोदामांत माल चढवतात-उतरवतात, गाड्या चालवतात, नाहीतर हिंगण्याला कंपनीत शिफ्टला जातात. शिकवणी लावलेली पोरं वर्गात मोजकीच. बाकीच्यांना गणित मिळालंच तर ते आमच्या फळ्यावरून मिळणार होतं, आणि त्या फळ्यापाशी आता मी उभी होते.

दहावीनंतर मी गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी गाईड घेऊन बसू लागले. कुकर लावायचा, उदाहरण पाठ करायचं, दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर उतरवायचं. कोणी काही विचारलं नाही तर तास निभायचा.

एक मुलगी विचारायची. तिला मी पाचवीपासून ओळखत होते, कारण शाळेत तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पट्टी न घेता सरळ रेघ मारायची. गोदामाचं छप्पर, लोखंडी जिना, पाण्याची टाकी, जे दिसेल ते बरोबर मापात उतरवायची. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. आई एका गोदामात पोती शिवायची. घर एका खोलीचं, म्हणून ही वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बसायची. तिला पॉलिटेक्निकला जाऊन सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. वस्तीत कोणाचं तरी घर बांधणं चालू असताना ठेकेदारानं तिला नकाशा दाखवला होता, तेव्हापासून तिनं ते मनात धरलं होतं.

वर्गसमीकरणाच्या तासाला तिनं हात वर केला. "मॅडम, मधल्या पदाची फोड अशीच काहून करायची? दुसरी केली तं काय होते?"

"उत्तर चुकतं."

"पण काहून चुकते?"

मला माहीत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं. उद्या सांगितलं ते गाईडमधलंच, जरा लांबवून. तिनं मान हलवली आणि लिहायला लागली. समजलेल्या पोरीची मान कशी हलते ते इतक्या वर्षांत मला कळतं. ही तशी नव्हती. मग हळूहळू तिनं विचारणंच सोडलं. वर्ग शांत झाला. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना म्हणाले, "छान शिस्त लागली मॅडम वर्गाले." मला रडावं की हसावं कळेना.

माझा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला राहतो. त्याच्या गल्लीत एक सर शिकवणी घेतात, त्यांचं नाव चांगलं आहे. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, दहावीचं गणित शिकायचं आहे.

"बच्चा किधर है?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे, सर."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मतलब आपके स्कूल में मैथ का टीचर ही नहीं है."

"आहे. मीच आहे."

त्यांनी मागच्या बाकाकडे हात दाखवला. त्या दिवसापासून दर रविवारी मी तिथं बसू लागले. पोरांना वाटायचं, कोणाची तरी आई मुलाला घ्यायला लवकर आली आहे.

ते सर प्रत्येक गोष्ट का होते ते सांगायचे. वर्गसमीकरण त्यांनी एक चौरस आणि काही आयत काढून दाखवलं, मधल्या पदाचे तुकडे कुठे बसतात आणि कुठे बसत नाहीत ते. मी आयुष्यभर आयत काढत आले होते, ते मला लगेच दिसलं. सोमवारी रंगीत खडू घेऊन मी तेच वर्गात काढलं. ती मुलगी फळ्याजवळ आली, एक आयत पुसून दुसरीकडे काढून पाहिला आणि म्हणाली, "हे बसूनच नाही राहिलं. म्हणून चुकते." मग जागेवर जाऊन बसली. वर्षातला माझा सगळ्यात चांगला तास तो. गणपतीपर्यंत वर्ग बऱ्यापैकी रुळाला लागला होता.

मात्र त्याआधीच एक गोष्ट हातातून गेली होती. चित्रकलेची शासकीय ग्रेड परीक्षा असते, इंटरमिजिएट. ती पास झालेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. आमच्या शाळेतली पोरं दरवर्षी बसायची आणि मधल्या सुट्टीत मी त्यांचा सराव घ्यायची. आता मधल्या सुट्टीत गणित चालायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा ग्रेड परीक्षा राहू द्या."

"सर, ते गुण या पोरांच्या हक्काचे आहेत. माझ्या विषयात मी त्यांना नक्की मिळवून देऊ शकते."

"आणि गणितात नापास झाले तं ते गुण कुठं लावता?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त संताप आला. जे मला येतं ते बंद करून जे मला येत नाही ते मी शिकवत होते, आणि दोन्हीकडे नुकसान पोरांचं. त्या मुलीनं ऐकलं तेव्हा एवढंच विचारलं, "बाहेरून फॉर्म नाही भरता येत का, मॅडम?" दुसऱ्या शाळांत चौकशी केली. त्यांनी आपल्याच मुलांची नावं घेतली होती.

मग मतदार यादीच्या कामाचा आदेश आला. घरोघरी जाऊन नावं तपासायची. रविवारची शिकवणीही त्यात गेली. वाडीत भाड्याच्या खोल्या फार. आज असलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या गोदामाजवळ गेलेला असतो. दुपारच्या उन्हात मी दारं वाजवत फिरायची आणि माझा दहावीचा वर्ग तिकडे स्वाध्याय या नावाखाली रिकामा बसायचा. एका दाराशी माझ्याच वर्गातला पोरगा निघाला, बनियनवर.

"शाळेत का नाही गेलास?"

"मॅडम, तुम्ही इथं फिरून राहिल्या, मंग मी तिथं जाऊन काय करू?"

मी त्याच्या घरच्यांची नावं विचारून पुढे गेले.

सहामाहीत गणिताचा निकाल पडला. दिवाळीनंतर पालकसभा ठेवली. त्या मुलीची आई अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. ओढणीवर पोत्याचे धागे चिकटलेले.

"मॅडम, माही पोरगी गणितात काहून मांगं राहिली? नववीत तं बरी होती."

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बाई, मी चित्रकलेची आहे.

तिनं विचारलं, "मंग गणिताची मॅडम कोठं हाय?"

  मुख्याध्यापकांनी पद, मान्यता, प्रक्रिया असं काही समजावलं. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "चाल वं, आपणच जाऊ शिक्षणाच्या हापिसात."

आणि त्या गेल्या. सहा-सात बाया, सगळ्यांनी दिवस बुडवला. मी नोकरीतली, मला जाता येत नव्हतं. अर्जाचा मजकूर तेवढा लिहून दिला. पहिल्यांदा साहेब मीटिंगला होते. दुसऱ्यांदा अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. तिसऱ्यांदा सांगितलं, प्रक्रिया सुरू आहे, जानेवारीत माणूस येईल.

जानेवारीत माणूस खरंच आला. दुसऱ्या एका शाळेत तुकडी बंद पडली होती, तिथले एक सर अतिरिक्त ठरले होते, त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. भले गृहस्थ. मी त्यांना चहा दिला आणि दहावीचं काय शिल्लक आहे ते सांगायला लागले. ते अवघडून म्हणाले, "मॅडम, मी हिंदीचा आहे."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते खिडकीतून बाहेर पाहत होते.

"सर, हे हिंदीचे आहेत."

"माहीत आहे."

"मग परत कळवा ना वर."

"काय कळवू? कागदावर आपली जागा भरली आता. गणिताचा माणूस मागायचा तं आधी जागा रिकामी पाहिजे."

शेवटी हिंदीच्या सरांना खालच्या वर्गांचे चित्रकलेचे तास दिले, म्हणजे मला दहावीला जास्त वेळ मिळेल. ते रोज यायचे आणि विचारायचे, मॅडम, आज काय काढायला सांगू? आम्ही दोघं स्टाफरूममध्ये बसून एकमेकांना आपापला विषय समजावत होतो. ज्या आयांनी दिवस बुडवून माणूस आणला त्यांना हे कोणी सांगायचं? मीच सांगितलं. त्या मुलीची आई म्हणाली, "म्हणजे आमी गेलो तेच चुकलं का?" मी म्हटलं, नाही. पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

परीक्षेपर्यंत आम्ही जीव तोडून अभ्यास केला. शाळा सुटल्यावर थांबायचो. त्रिकोणमिती नीट झालीच नाही. जरीपटक्याच्या सरांकडे जाऊन मी ती जेमतेम शिकले होते, पोरांपर्यंत पोचवायला दिवस उरले नाहीत. मी म्हटलं, बाकीचं पक्कं करा. आपल्या वर्गातल्या चांगल्या पोरीला एक धडा सोडून दे म्हणताना कसं वाटतं, ते मी कोणाला सांगू शकले नाही.

मे महिन्यात निकाल लागला. वर्ग बराचसा पास झाला. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. त्या मुलीला मराठीत, इतिहासात, विज्ञानात चांगले गुण होते. गणितात ती काठावर होती.

चित्रकलेच्या खोलीत बसून आम्ही मोबाईलवर सरकारी पॉलिटेक्निकची मागच्या वर्षीची यादी पाहिली. सिव्हिलला शेवटचा प्रवेश तिच्या टक्क्यांच्या थोडासाच वर बंद झाला होता. ग्रेड परीक्षेचे गुण धरले तर कदाचित ती त्या यादीत बसली असती. हे तिच्याही लक्षात आलं असणार.  खाजगी कॉलेज घरच्यांच्या आवाक्यात नव्हतं. मी आयटीआयचं सांगितलं, आरेखकाचा, म्हणजे नकाशे काढायचा कोर्स असतो, तिथं तुझा हात चालेल. तिनं मोबाईल मला परत दिला.

"नाही मॅडम. तिथंबी गणित असते. मी आर्ट्स घेतो."

"आत्ता लगेच ठरवू नको."

"ठरवलं."

तिच्या घरी दोनदा जाऊन आले. ती पाणी द्यायची, बसायची, ऐकायची आणि तेच सांगायची. गणिताची भीती तिला कधीच नव्हती. ती भीती दहावीच्या वर्षात, आमच्या शाळेत, माझ्या तासाला तयार झाली, आणि आता ती तिच्या मनातून कशी काढायची हे मला कोणत्याच शिकवणीत शिकता येणार नव्हतं.

जुलैत मायलेकी दाखला घ्यायला आल्या. मुलीनं अमरावती रोडवरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला प्रवेश घेतला होता. ती मैत्रिणींना भेटायला गेली आणि आई माझ्याजवळ थांबली.

"लहानी सातवीत हाय मॅडम," ती म्हणाली. "ते दहावीत जाईन तवा कोन शिकवन तिले?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.  तिनं दाखल्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मुलीला हाक मारली. दुपारच्या पाळीला तिला गोदामात पोचायचं होतं.