एका गालिच्याच्या दोन बहिणी

धाकटी आता एकाहत्तर वर्षांची आहे, तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात, आणि दुखणं तिथंच आहे. थोरली त्र्याहत्तरची. दोघी लहानपणापासून एकाच मागावर गालिचे विणायच्या. थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे. माल बघायला आलेला शेठ डाव्या भागावर हात फिरवून म्हणायचा, "वा!" उजवीकडे आला की नुसतं "हं." त्या 'हं'नं धाकटीचं अख्खं तारुण्य जाळलं. वर शेजारून थोरलीचा जप चालूच, "ओढून बांध गं, जरा ओढून बांध!"

पुढे थोरली संसारात रमली, धाकटीनं जुने गालिचे दुरुस्त करायचं दुकान काढलं. पण थोरलीनं नुसता चष्मा बदलला तरी हिच्या पोटात दुखायचं. मी समोरच घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे बातम्या मला वेळेवर मिळतात.

परवा एक डॉक्टरीणबाई गुंडाळलेला गालिचा घेऊन आल्या. सासूबाईंनी हौसेनं घेतलेला, हातानं गाठी मारलेला. पसरला मात्र, धाकटीनं ओळखला. हिरवी लोकर संपली म्हणून किनारीला घातलेली निळी पानं! दोघींनीच विणलेला. डावा अर्धा भाग अजून दाट, उजव्याला टक्कल.

"मावशी, ही डावी बाजू विणणारीचा हात काय असेल हो!"

धाकटीचा चेहरा असा झाला की मी हातातलं घड्याळ टाकून दुकानात शिरलो. असली संधी कोण सोडतो?

"पन्नास वर्षांनीसुद्धा तीच!" असं पुटपुटत तिनं लोकरीच्या लवेवरून हात फिरवला, आणि हात थांबला. विणायला जिथून सुरुवात होते त्या टोकाकडे, म्हणजे विणणारीकडे, लव झुकते. इथं ती पलीकडच्या टोकाकडे झुकली होती. गालिचा उलटा पसरला होता! गुडघे विसरून धाकटी पलीकडे जाऊन उभी राहिली. दाट भाग तिच्या उजव्या हाताला आला.

"भाऊजी, ताईला घेऊन या. आत्ताच्या आत्ता!" तिनं मला पिटाळलं.

थोरली काठी टेकत आली, वाकली, लव चाचपली. तिला सगळं कळलं.

"या दाट अर्ध्यावर पलंग असेल."

"नाही हो आजी, दिवाणखान्यात मधोमध असायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग माझ्याच बाजूनं लोक चालले असतील."

"आणि माझ्या बाजूनं उडत गेले?" धाकटी म्हणाली. "तुझ्यावरच्या रागानं ओढल्यात गं या गाठी. एकेक."

थोरलीनं विरळ भागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझी बाजू मीच नीट करणार. तू बोटसुद्धा लावायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच येऊन बसली. उजेडाची जागाही बळकावली. पण बोटं ऐकेनात. गाठ बांधायची, सुटायची. पुन्हा बांधायची, ढिली राहायची. मी दारात उभा. धाकटी शेजारी बसून तासभर लोकर निवडत होती.

शेवटी मान वर न करता म्हणाली, "ताई, जरा ओढून बांध गं."

थोरलीनं तिच्याकडे जळजळीत बघितलं. मग गाठ सोडवली, आणि ओढून बांधली.