मोहफुलांची यादी

मी गावची पोलीस पाटील होते, तेव्हाची ही गोष्ट. गाव गोंडपिपरी तालुक्यातलं, तिन्ही बाजूंनी जंगल. पोलीस पाटलाला गणवेश नसतो. गावात बेकायदा काही घडलं की वर कळवायचं, हे त्याचं काम. चोरटी दारू आली की मी आणि बचत गटाच्या बाया मिळून ती ओतून द्यायचो. कायदा आपल्याच बाजूचा असतो, असं मला मनापासून वाटायचं.

एका उन्हाळ्यात दारूबंदीच्या तपासणी पथकानं शेजारच्या बाईंच्या घरून मोहफुलांची गोणी उचलली. बाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. चैत्रात टोपली घेऊन जंगलात जायच्या, वेचलेली फुलं अंगणात वाळवायच्या आणि वर्षभर त्यांचे लाडू, भाकरी करून खायच्या. पण मोहाची दारू निघते, म्हणून परवान्याशिवाय ठरावीक वजनाहून जास्त फुलं घरात ठेवणं तेव्हा गुन्हा होता. पंचनाम्यावर माझी सही घेतली. मी केली.

गाडी गेल्यावर बाईंनी विचारलं, "मी कधी दारू गाळली का? तू त सांग."

"नाई, बाई."

"मंग सही काऊन केली?"

"कायदा आहे तसा."

"तुया घरी मोह नाई का?"

होता. दोन मोठे डबे भरून, ठरलेल्या वजनाहून जास्तच होता. पथक माझ्या दाराशी आलं नव्हतं, इतकंच.

"लपवून ठेव," नवरा म्हणाला. "सारं गावच लपवते."

ते खरं होतं. कुणी भाताच्या तणसाच्या ढिगात लपवायचं, कुणी माळ्यावर. आपल्याच जेवणासाठी चोरासारखं वागायची आम्हाला सवय झाली होती. नियम पाळायचा तर सगळ्या गावाची तक्रार करायला हवी होती. गप्प बसायचं तर त्या सहीला काय अर्थ होता?

शेवटी मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, "हा नियम मले पटत नाई. मोडायचाच असंल त उजेडात मोडू. ज्याच्या घरी मोह आहे, त्यानं नाव लिहून द्यावं. पयलं नाव माह्यं."

एक म्हातारे भाऊ उठले. "पाटीलबाई, आज तुमी हे करून राह्यल्या. उद्या दारूवाला मनंल, मलेबी कायदा पटत नाई. मंग त्याले काय सांगसान?"

माझ्याआधी शेजारच्या बाईच बोलल्या, "दारूवाला आपलं नाव लिहून देते का, भाऊ? आमी देऊन राह्यलो. शिक्षा होईन त तेबी घेऊ."

त्यांनी कागदावर अंगठा उमटवला. भाऊंनी कागद जवळ ओढला आणि आपलंही नाव घातलं.

आम्ही पाचजणी यादी घेऊन तालुक्याला गेलो. सोबत मोहाच्या लाडवांचा डबा होता. तहसील कचेरीतल्या साहेबांनी यादी दोनदा वाचली. "ही घेतली तर मला कारवाई करावी लागेल, बाई."

"करा, साहेब. आमी घरीच आहो."

मला नोटीस आली. काही महिने पाटीलकी गेली. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. दारात जीप थांबली की मी हातातलं काम टाकून बाहेर यायचे. पण साहेब एकदा स्वतः गावात आले, घरोघरी फिरले, बाईंच्या अंगणात बसून लाडू खाल्ला आणि गोणी न उचलता परत गेले. त्यांचा अहवाल काय होता, मला कळलं नाही. पाटीलकी मात्र परत मिळाली.

काही वर्षांनी तो नियमच उठला. आमच्या कागदामुळे उठला असं मी म्हणत नाही. कितीतरी गावं कधीपासून बोलत होती. त्यात आम्हीही बोललो, याचं समाधान आहे. आता बाया आठवडी बाजारात उघड्यावर मोहाचे लाडू विकतात.

गेल्या महिन्यात ग्रामसभेत तलावातल्या मासेमारीच्या नव्या सरकारी नियमाचा विषय निघाला. मासे अंडी घालतात त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही. एका मुलीनं तो मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवला. दुपारपर्यंत वाद झाला. साहेब काय म्हणतील, असं एकानंही विचारलं नाही. हे बरोबर आहे का, एवढंच सगळे विचारत होते. बरोबर आहे असं ठरलं, आणि कोळ्यांनी आपणहून जाळी गुंडाळून ठेवली.